चूक धरणारा कान

रमजानच्या रात्री मालेगावच्या मशिदींत तरावीहची नमाज चालू असते, तेव्हा इमामाच्या पाठीमागे पहिल्या रांगेत एक माणूस मुद्दाम उभा केलेला असतो. त्याला सामे म्हणतात. इमामाप्रमाणे तोही हाफिज, म्हणजे संपूर्ण कुरआन त्यालाही मुखोद्गत. इमाम तोंडपाठ म्हणत असतो आणि सामेचे काम एकच असते, कान देऊन ऐकायचे. इमाम अडखळला, एखादी आयत गाळून पुढे गेला किंवा एका सुरेतून नकळत दुसरीत शिरला, की सामे मागून खणखणीत आवाजात बरोबर शब्द पुरवतो. याला लुकमा देणे म्हणतात. लुकमा मिळाला की इमाम मागे येतो, ओळ सुधारतो आणि पुढे जातो. भरल्या जमातीत चूक दाखवली म्हणून कुणी रुसत नाही. कुरआनाचे तीस भाग, त्यांना पारे म्हणतात; रोज साधारण एक ते सव्वा पारा या हिशेबाने सत्ताविसाव्या रात्रीच्या आसपास ते पुरे होतात.

मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठचे हे गाव महाराष्ट्राला यंत्रमागांसाठी ठाऊक आहे. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग मांडले, पुढे त्यांचे यंत्रमाग झाले. शुक्रवार सोडला तर खडखडाट थांबत नाही. २०११ च्या जनगणनेत वस्ती पावणेपाच लाखांच्या घरात होती. या गावात मअहदे मिल्लत, मन्सूऱ्याची जामिया मुहम्मदिया, मुलींसाठीची जामेअतुस्सालिहात अशा मोठ्या धार्मिक शिक्षणसंस्था आहेत आणि गल्लीबोळांत छोटे मदरसे आहेत. त्यामुळे हाफिज ही इथे अपूर्वाईची गोष्ट नाही. शिलाईच्या यंत्रावर बसलेला, मागावर पाळी करणारा, किराणा विकणारा माणूसही हाफिज असू शकतो.

याच गावाची आणखी एक आठवण आहे. २९ सप्टेंबर २००८ रोजी, रमजानच्याच अखेरच्या दिवसांत, रात्री साडेनऊच्या सुमारास भिक्कू चौकात स्फोट झाला. सहा माणसे मेली, जखमींची संख्या शंभराच्या आसपास होती. त्या रात्री कुणी काय पाहिले, कुणी काय ऐकले, हे मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्षीदारांना विचारण्यात आले ते दहा वर्षे उलटल्यावर.

पन्नास वर्षांपूर्वी पाठ केलेला मजकूर एका मात्रेचाही फरक न होता म्हणता येतो, आणि डोळ्यांदेखत घडलेली घटना मात्र वर्षागणिक सरकत जाते. डोके माणसाचेच, मेंदूही तोच. मग फरक कुठे पडतो? मानवी स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी गेली एकशेचाळीस वर्षे या प्रश्नाच्या भोवती काम केले आहे. त्यांचे निष्कर्ष मालेगावात उभे राहून वाचले, तर उत्तराचा मोठा भाग त्या पहिल्या रांगेतल्या माणसापाशी सापडतो.

सबक, सबकी, आमोख्ता

हिफ्जच्या, म्हणजे कुरआन पाठ करण्याच्या, वर्गाचे वेळापत्रक बाहेरच्या माणसाला घोकंपट्टीचे वाटते. जवळून पाहिले तर त्याची रचना फार विचारपूर्वक केलेली दिसते. मूल आधी नाजरा शिकते, म्हणजे पाहून शुद्ध वाचायला. मग हिफ्ज सुरू होते. रोज तीन गोष्टी उस्तादांना म्हणून दाखवायच्या असतात. पहिला सबक, म्हणजे आजचा नवा पाठ, काही ओळींचा किंवा पानभराचा. दुसरा सबकी, म्हणजे गेल्या काही दिवसांत झालेला ताजा भाग. तिसरा आमोख्ता, म्हणजे जुने झालेले पारे, आळीपाळीने. नवा पाठ कितीही चांगला झाला तरी आमोख्ता कच्चा असेल तर उस्ताद पुढचा सबक देत नाहीत. पूर्ण हिफ्जला साधारण तीन-चार वर्षे लागतात, आणि त्यातला नव्या पाठाचा वेळ थोडाच असतो. बहुतेक वेळ जुने सांभाळण्यात जातो. पाठांतराला हदीसमध्ये दावणीच्या उंटाची उपमा दिलेली आहे: बांधलेला राहिला तर राहतो, सोडला की गेला.

स्मृतीवरचा पहिला शास्त्रशुद्ध प्रयोग करणारा माणूस याच प्रश्नाशी झगडत होता. हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये ‘स्मृतीविषयी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. प्रयोग करणारा तोच आणि प्रयोग ज्याच्यावर झाला तोही तोच. अर्थाची मदत मिळू नये म्हणून त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात हे मोजले. वीस मिनिटांनी जवळजवळ ५८ टक्के कष्ट वाचत होते, एका दिवसाने ३४ टक्के, महिन्याने २१ टक्के. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंदावते. म्हणून उजळणी लवकर हवी आणि पुढे तिची अंतरे वाढत गेली तरी चालते. सबकी रोज आणि आमोख्ता आळीपाळीने, ही विभागणी त्याच वक्ररेषेवर बसते.

मालेगावच्या मुलाची घरची भाषा उर्दू, पाठ करायचा मजकूर अरबी. शब्दाशब्दाचा अर्थ सुरुवातीला कळत नसतो. म्हणजे एबिंगहाउसने प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेली अडचण इथे आपोआप आहे. पण त्याच्या अक्षरगटांना लय नव्हती, यमक नव्हते, सूर नव्हता. ड्यूक विद्यापीठातल्या डेव्हिड रुबिन यांनी १९९५ मध्ये मौखिक परंपरांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. महाकाव्ये, बॅलड आणि मुलांच्या गाण्यांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की लय, यमक आणि अर्थ ही बंधने एकत्र आली की पुढचा शब्द जवळजवळ ठरून जातो. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, सवायकी तालावर म्हटली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. हिफ्ज करणारा मुलगा शेवटपर्यंत एकच प्रत वापरतो, बहुधा पंधरा ओळींची. त्यामुळे आयत पानाच्या उजव्या अंगाला वर होती की डाव्या अंगाला खाली, तेही पाठ होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मूल उस्तादांसमोर बसते तेव्हा पुस्तक मिटलेले असते. वाचण्यापेक्षा आठवून म्हणण्याने स्मृती पक्की होते, हे मानसशास्त्रात ठामपणे मांडले गेले ते बऱ्याच उशिरा. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने पुन्हा न वाचता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटले: वाचणारे ४२ टक्के, आठवून लिहिणारे ५६. वाचताना येत असल्यासारखे वाटते आणि तेच फसवते. आपल्याकडची मुले परीक्षेच्या आदल्या रात्री रंगीत पेनांनी ओळी अधोरेखित करत बसतात, तेव्हा ती याच फसगतीत असतात.

उस्तादांना आणखी एका गोष्टीचे भान असते. कुरआनात एकमेकींसारख्या भासणाऱ्या आयती अनेक आहेत. सुरुवातीचे शब्द तेच, शेवट वेगळा. त्यांना मुतशाबिहात म्हणतात, आणि इमाम घसरतो तो बहुधा इथेच. मानसशास्त्रात याला अवरोध म्हणतात: सारख्या दोन आठवणी एकमेकींची वाट अडवतात. त्यावर उस्तादांचा तोडगा म्हणजे दोन्ही जागा शेजारी ठेवून त्यांतला फरक पक्का करून घेणे. विद्यार्थी आपसात दौर करतात, एक म्हणतो आणि दुसरा ऐकतो. दोघांचा पाठ पक्का असल्याशिवाय दौर होत नाही, आणि दौर झाल्याशिवाय पाठ पक्का राहत नाही.

त्याच जिल्ह्यातली दुसरी पाठशाळा

मालेगावपासून शंभरेक किलोमीटरवर, नाशिकच्या गोदाकाठी, वेदपाठशाळेत संथा दिली जाते. गुरू एकदा म्हणतो, शिष्य ठरलेल्या वेळा म्हणतो. धर्म वेगळा, मजकूर वेगळा, पण व्यवस्था ओळखीची वाटते. वेदपाठींनी चूक पकडण्याचे काम मजकुराच्या रचनेतच घालून ठेवले आहे. संहितापाठ झाला की पदपाठ, मग क्रमपाठ: पहिले पद दुसऱ्यासोबत, दुसरे तिसऱ्यासोबत. त्यापुढच्या आठ विकृती म्हणजे जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन. जटेत दोन पदे सुलट, उलट, पुन्हा सुलट म्हणायची. घनात पहिली दोन, मग उलटी दोन, मग पहिली तीन, उलटी तीन, पुन्हा सुलट तीन. पद गळले किंवा जागा बदलली तर पुढची साखळी जुळतच नाही आणि चूक तिथेच उघडी पडते. युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणाला मानवजातीच्या मौखिक वारशात मान दिला तो या पाठपद्धतींमुळे.

२०२५ च्या अखेरीस अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या वैदिकाने काशीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पूर्ण केले. मंत्रांची संख्या दोन हजारांच्या आसपास. याआधीचे असे पारायण सुमारे दोनशे वर्षांपूर्वी नाशिकच्या वेदमूर्ती नारायणशास्त्री देव यांनी केले होते, असे तेव्हा सांगितले गेले.

अशी बातमी आली की पहिला उद्गार असतो, काय मेंदू असेल! मेंदूही तपासून झाला आहे. जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये यजुर्वेद पाठ असलेल्या २१ पंडितांच्या मेंदूंची छायाचित्रे इतर २१ जणांशी ताडून पाहिली. पंडितांच्या मेंदूतले भाषा आणि स्मृतीशी संबंधित काही भाग जाड दिसले. मात्र एकदाच घेतलेल्या छायाचित्रावरून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही. २००३ मध्ये लंडनच्या एलेनॉर मॅग्वायर यांनी जागतिक स्मरणस्पर्धांतले मानकरी तपासले होते. त्यांच्या मेंदूंच्या रचनेत वेगळे काही आढळले नाही. ते वापरत असलेली युक्ती वेगळी होती. स्मरणशक्ती ही जन्मजात देणगी मानून आपण पाठ करणाऱ्याचे कौतुक करतो, तेव्हा रोज समोर बसून ऐकणाऱ्याचे श्रम कुणाच्या लक्षात येत नाहीत.

मोटारी, काच आणि हरवलेले मूल

मजकुराची चूक पकडता येते, कारण तो दुसऱ्याच्या डोक्यातही असतो. मी काल चौकात काय पाहिले, हा मजकूर दुसऱ्या कुणापाशी नसतो. तिथे काय होते, याचा पहिला मोठा अंदाज केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये ‘रिमेम्बरिंग’ या पुस्तकात मांडला. त्यांनी विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि वेगवेगळ्या अंतरांनी ती पुन्हा सांगायला लावली. दर खेपेला कथा लहान होत गेली आणि इंग्रजी होत गेली. कॅनोच्या होड्या झाल्या, समजत नव्हते ते गळाले, कार्यकारणभाव नवा घातला गेला. आठवण काढताना माणूस दर वेळी ती नव्याने रचतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षाला न्यायालयाच्या दारापर्यंत नेले ते एलिझाबेथ लॉफ्टस यांनी. जन्म १९४४, लॉस एंजेलिस. स्टॅनफर्डमधून १९७० मध्ये डॉक्टरेट. सुरुवातीचे काम शब्द आणि संकल्पना डोक्यात कशा मांडलेल्या असतात यावर होते. अभ्यास चोख होता, पण त्याचा उपयोग कुणाला, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. त्यांना गुन्ह्यांच्या आणि खटल्यांच्या गोष्टींत रस होता. म्हणून त्या रस्त्यावरच्या अपघातांकडे वळल्या.

१९७४ मध्ये जॉन पामर यांच्याबरोबर केलेला त्यांचा प्रयोग आज मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नातले क्रियापद फक्त बदलले. मोटारी एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता, असे विचारले तर सरासरी उत्तर ताशी ३२ मैलांच्या आसपास आले. ‘चुराडा होईल अशा आदळल्या’ असे दुसऱ्या गटाला विचारले तर सरासरी ४१ मैलांवर गेली. पुढच्या प्रयोगात १५० विद्यार्थी होते. आठवड्यानंतर त्यांना विचारले, फुटलेली काच पाहिली का? फितीत काच नव्हती. जोरदार क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी काच पाहिल्याचे सांगितले. सौम्य क्रियापद ऐकलेल्यांत असे सातच निघाले. प्रश्नाने उत्तर तर बदललेच, आठ दिवसांत आठवणही बदलली.

इथून पुढची त्यांची पन्नास वर्षे या एका सूत्राच्या शाखा आहेत. १९९० च्या दशकात अमेरिकेत मानसोपचारादरम्यान लहानपणच्या अत्याचारांच्या दडपलेल्या आठवणी अचानक वर आल्याचे दावे न्यायालयांत येऊ लागले. काही खरे असतील, पण काही उपचारकाच्या सूचनांतूनच घडले असतील का? १९९५ मध्ये लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना त्यांच्या नातेवाइकांकडून मिळालेल्या तीन खऱ्या गोष्टींसोबत एक बनावट गोष्ट दिली: पाच-सहा वर्षांचे असताना तुम्ही बाजारसंकुलात हरवला होता. चौघांपैकी एकाला ती पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवली’. काहींनी त्यात स्वतःचे बारकावेही घातले.

या प्रयोगावर टीकाही झाली, आणि ती वावगी नव्हती. बाजारात हरवणे आणि अत्याचार होणे यांत फार अंतर आहे, असे टीकाकार म्हणाले. पीडितांच्या संघटना संतापल्या. लॉफ्टस यांना धमक्या आल्या, एका प्रकरणावरून खटला भरला गेला, वॉशिंग्टन विद्यापीठातली जवळजवळ तीन दशकांची नोकरी सोडून २००२ मध्ये त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत गेल्या. त्यांनी शेकडो खटल्यांत तज्ज्ञ म्हणून मत दिले, बहुधा आरोपीच्या बाजूने. त्यांत टेड बंडी आणि हार्वी वाइनस्टीन यांच्यासारखे आरोपीही होते. आठवण चुकू शकते, हे सत्य खऱ्या पीडितेच्या विरोधातही वापरता येते. हा पेच त्यांच्या कारकिर्दीतून कधीच सुटला नाही, आणि तो लपवून त्यांची थोरवी सांगण्यात अर्थ नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरातली एक घटना मात्र त्यांनी जाहीरपणे सांगितली आहे. त्या चौदा वर्षांच्या असताना आई पोहण्याच्या तलावात बुडून गेली. अनेक वर्षांनी एका कौटुंबिक समारंभात मामांनी त्यांना सांगितले, तूच तिला पहिल्यांदा पाहिलेस. त्यानंतर दिवसेंदिवस चित्रे उमटत गेली, पाण्यातला देह, धावाधाव. मग भावाचा फोन आला: मामांची चूक झाली होती, आईला पाहणारी मावशी होती. स्मृतीची नामवंत अभ्यासक स्वतःच्या डोक्यात तयार झालेली खोटी आठवण खरी मानून काही दिवस जगली होती.

दहा वर्षांनंतरची सरतपासणी

आता मालेगावच्या खटल्याकडे. तपास आधी राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडे होता, २०११ मध्ये तो राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. आरोप निश्चित झाले ऑक्टोबर २०१८ मध्ये. त्यानंतर सरकारी पक्षाने ३२३ साक्षीदार तपासले, त्यांतले तीसहून अधिक फितूर जाहीर झाले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. निकालामागे पुराव्याचे अनेक प्रश्न आहेत आणि साक्षीदार जबाब बदलतो त्यामागे दबाव, भीती, आमिष, तपासातली जबरदस्ती असे काहीही असू शकते. या लेखाचा विषय तो नाही. इथे एवढाच प्रश्न आहे की या सगळ्यांपासून मुक्त असलेला, खरे सांगू इच्छिणारा साधा साक्षीदार दहा वर्षांनी काय आणि किती सांगू शकतो.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान हवेत फुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी एमरी विद्यापीठात उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले: बातमी कुठे, कशी, कुणाकडून कळली. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच विचारले. सातपैकी सरासरी गुण तीनच्याही खाली. अकरा जणांना शून्य. पूर्ण बरोबर फक्त तिघे. पण खात्री बहुतेकांना दांडगी होती. काहींना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला, तरी त्यांचा विश्वास नव्या आठवणीवरच राहिला.

एवढ्यावरून साक्षीदाराला निकालात काढणेही चूक. १९८६ मध्येच जॉन यूइल आणि ज्युडिथ कटशॉल यांनी कॅनडातल्या एका खऱ्या गोळीबाराच्या तेरा साक्षीदारांना चार-पाच महिन्यांनी गाठले. त्यांचे तपशील बव्हंशी बरोबर होते आणि फसव्या प्रश्नांनाही ते फारसे बधले नाहीत. जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी २०१७ मध्ये असे दाखवले की ओळख पटवण्याची पहिली चाचणी नीट घेतली असेल, तर त्या क्षणीची साक्षीदाराची खात्री चांगला पुरावा असते. नंतरच्या दर वेळेची खात्री मात्र वाढलेली आणि भेसळलेली असते. म्हणजे प्रश्न आठवणीच्या खरेखोटेपणापेक्षा तिच्या वयाचा आणि तिच्यावर मधल्या काळात काय काय झाले याचा आहे.

मधल्या काळात काय होते? भिक्कू चौकासारख्या दाट वस्तीत घटनेच्या रात्रीपासून माणसे बोलत असतात. भारतीय वंशाच्या सुपर्णा राजाराम यांचे न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातले संशोधन नेमके याच विषयावर आहे: माणसे मिळून आठवतात तेव्हा काय घडते. असोसिएशन फॉर सायकॉलॉजिकल सायन्स या संघटनेच्या त्या २०१७-१८ मध्ये अध्यक्ष होत्या. तिघे एकत्र बसून आठवतात ते, तिघांनी वेगवेगळे आठवून नंतर बेरीज केली त्यापेक्षा कमी भरते, हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा आढळले आहे. एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा माग तुटतो. शिवाय बोलण्यातून सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होत जातात, आणि एकाची चूक दुसऱ्याच्या तोंडी जाते. मग न्यायालयात तीन साक्षीदार एकच तपशील सांगतात तेव्हा ते तीन पुरावे असतात की एकच?

तरावीहमध्येही एकाचे शब्द दुसऱ्याच्या तोंडी जातात. फरक असा की लुकमा देणाऱ्याच्या पाठीशी ठरलेला मजकूर असतो. चौकातल्या गप्पांत मोठ्या आवाजाच्या माणसाची आवृत्ती मजकूर ठरते.

यंत्राचा मोह

माणसावर भरवसा नाही, तर यंत्र लावू, असा मोह तपास यंत्रणांना झाला. मालेगावच्या २००६ आणि २००८ या दोन्ही वर्षांतल्या स्फोटांच्या तपासात नार्को चाचण्या झाल्या होत्या. २००६ च्या प्रकरणात आधी अटक झालेल्यांना २०१६ मध्ये आरोपमुक्त करण्यात आले. पुण्याने तर आणखी एक पाऊल पुढे टाकले. निम्हान्स या मनोआरोग्य संस्थेत काम केलेल्या सी. आर. मुकुंदन यांनी मेंदूच्या विद्युतलहरींवरून अनुभवाची आठवण ओळखणारी एक चाचणी विकसित केली होती. डोक्यावर विद्युतपट्ट्या लावून संशयितासमोर विधाने वाचायची. त्याने काही बोलायचे नाही. कृत्य केलेल्याच्या मेंदूत अनुभवाची खूण उमटते, असा दावा होता. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थिनीला जन्मठेप दिली, त्यात परिस्थितिजन्य पुराव्यांसोबत या चाचणीचाही आधार होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही चाचणी शास्त्रीय कसोटीला उतरत नसल्याचे मत दिले. नंतर उच्च न्यायालयाने त्या विद्यार्थिनीला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचाचणी करणे घटनाबाह्य ठरवले.

कायद्याचा मुद्दा वेगळा. स्मृतीच्या शास्त्राचा मुद्दा असा की खोटी आठवणही तिच्या मालकाला अनुभवासारखीच वाटते. मामांच्या एका वाक्याने जिच्या डोळ्यांसमोर तलाव उभा राहिला, तिच्या मेंदूत यंत्राने काय वाचले असते?

कायद्यात सामे कुठे आहे

आपला कायदा या बाबतीत अडाणी नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने सरतपासणीत सूचक प्रश्न विचारायला बंदी घातली होती, लॉफ्टस यांच्या मोटारींच्या शंभर वर्षे आधी. घटनेच्या वेळी स्वतः केलेली नोंद पाहून साक्षीदाराला स्मरण ताजे करण्याची मुभाही त्याच कायद्यात होती. ओळख परेड दंडाधिकाऱ्यांनी घ्यावी, तपास अधिकाऱ्याने तिथे असू नये, ही पद्धत जुनी आहे. या तरतुदी २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतही आल्या आहेत. पोलिसांसमोरचा जबाब दृक्श्राव्य नोंदवण्याची सोय २००९ च्या अखेरीपासून कायद्यात आहे. अडचण अशी की ती सक्तीची नाही. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो, हवालदार आपल्या भाषेत लिहितो, आणि ठाण्याच्या ठरलेल्या साच्यात तो जबाब बसतो. दहा वर्षांनी वकील त्या कागदावर बोट ठेवून विचारतो, तुम्ही असे सांगितले होते का? साक्षीदाराने नेमके काय सांगितले होते, हे तोवर कुणालाच ठाऊक नसते.

जगाने यावर उपाय शोधलेले आहेत आणि ते महाग नाहीत. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझेलमन यांनी १९८४ पासून विकसित केलेल्या विचारपूस पद्धतीत साक्षीदाराला आधी ती जागा, ती वेळ मनात उभी करू दिली जाते. मग मध्ये न तोडता सगळे आपल्या शब्दांत सांगू दिले जाते. प्रश्न शेवटी, तेही मोकळे. ही पद्धत वापरली की माहिती वाढते आणि चुका फारशा वाढत नाहीत, असे अनेक अभ्यासांत आढळले. ओळख परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसावे, साक्षीदाराची त्या क्षणीची खात्री तिथेच नोंदवावी, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१४ च्या अहवालात सुचवले. आपल्याकडे यातले बरेचसे आजच्या कायद्याच्या चौकटीत करता येईल. लागतो एक फोनचा कॅमेरा आणि पहिल्या काही दिवसांत वेळ काढणारा अधिकारी.

पाठशाळा आणि मदरशांचा शालेय शिक्षणाला काय धडा, हा मुद्दा स्वतंत्र आहे. मुलांना कमी वाचायला आणि जास्त आठवायला लावा, आठवड्याने पुन्हा विचारा, एवढे शिक्षकांनी केले तरी बरेच होईल. न्यायालयांना लागू पडणारा धडा अधिक निकडीचा आहे. स्मृती शुद्ध ठेवायची तर ती ताजी असताना कुणीतरी कान देऊन ऐकली पाहिजे आणि जशीच्या तशी नोंदली पाहिजे. पाठांतराच्या परंपरांनी हे काम रोजच्या वेळापत्रकात बसवले. गुन्ह्याच्या तपासात ते अजून तपास अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. म्हणून दहा वर्षांनी जबाब बदललेल्या साक्षीदारावर फितुरीचा शिक्का मारण्याआधी न्यायालयाने तपास यंत्रणेला एक प्रश्न विचारायला हवा: याची पहिली आठवण तुम्ही कधी ऐकली होती, आणि तिची त्याच्याच शब्दांतली नोंद कुठे आहे?